सहापैकी दोन

ओव्हिला आर्सेनोंनी प्लास्टिकचा जळता दाणा चिमट्यात धरला, फुंकर मारून ज्योत विझवली आणि धुराची रेघ नाकाखालून नेली. डोळे मिटले. बाकीचे चौघे गप्प उभे होते. आर्सेनोंच्या कारखान्यात या क्षणी कुणी खोकायचंसुद्धा नाही, ही शिस्त घरातल्या पोरांना बोलता यायच्या आधी लागायची.

"मेणबत्ती," ते म्हणाले. "स्वच्छ वास आहे."

मग मूठभर दाणे बादलीतल्या पाण्यात टाकले. ते तरंगले. शेजारी उभ्या असलेल्या नॉर्मंडने सोडलेला सुस्कारा ल्यूसिलला स्पष्ट ऐकू आला. थोरला भाऊ इतका धास्तावलेला तिने आईच्या दुखण्यातही पाहिला नव्हता.

धास्तावण्यासारखंच होतं. ऑक्टोबरात तिकडे तेलवाल्या देशांनी तेल अडवलं, हा दाणा त्या तेलातूनच बनतो, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत लेमन्स्टर गावात दाण्याचा दुष्काळ पडला. मोठ्या कंपन्यांनी आधी निम्मा माल दिला, मग नुसती दिलगिरीची पत्रं. याच रस्त्यावरच्या दोन कारखान्यांना कुलपं लागली होती. आणि आर्सेनोंच्या डोक्यावर लाल घसरगाड्यांची ऑर्डर होती, बर्फाच्या उतारावरून पोरं बसून जातात त्या. नाताळच्या आत आठ हजार. अशा वेळी नॉर्मंडचा मेव्हणा झील ट्रकभर दाणा घेऊन दारात उभा राहिला. झील मागच्या वर्षापर्यंत जुन्या मोटारी विकायचा, आणि त्याच्याकडच्या मोटारी वयाच्या मानाने फारच कमी फिरलेल्या असायच्या. आता तो दाण्याची दलाली करत होता. पोत्यांवरची कंपनीची नावं काळ्या शाईने पुसलेली होती आणि ती का पुसली हे कुणी विचारलं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

तिसरी परीक्षा मोडणीची. ओव्हिलांचे वडील क्यूबेकहून आले ते शिंगाचे कंगवे करायला. नवं शिंग आलं की पहिले कंगवे घरातल्या भागीदारांनी स्वतःच्या हातांनी वाकवून पाहायचे आणि एकेकाने 'पास' म्हणायचं. एकानेही नापास म्हटलं तर माल परत. शिंग गारठलं की कुणाच्याही हातून मोडतं, मग त्या बिचाऱ्यावर अन्याय नको, म्हणून म्हाताऱ्याने मोडणीचं टेबल बॉयलरला लागून ठेवलं होतं. पुढे शिंग गेलं, सेल्युलॉइड आलं, तेही गेलं, कंगव्यांच्या जागी खेळणी आली आणि खेळण्यांच्या जागी घसरगाड्या. टेबल तिथेच राहिलं. हिवाळ्यात गावातली सगळ्यात उबदार जागा तीच, असं कामगार म्हणायचे.

चार भागीदार होते. ओव्हिलांनी चाचणीच्या गाडीतून कापलेली पट्टी दोन्ही हातांनी वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. "पास." त्यांची बहीण ऑरोर अडुसष्ट वर्षांची होती. सगळा जन्म कंगव्यांना पॉलिश करण्यात घालवलेली आणि लग्नाच्या भानगडीत न पडलेली. तिने सिगारेट ओठांत ठेवूनच पट्टी वाकवली आणि ओठ जेमतेम उघडून पास म्हटलं. नॉर्मंडने वाकवायच्या आधीच म्हटलं.

राहिली ल्यूसिल. दहा वर्षं ती या कारखान्यात कच्चा माल तपासत होती. कोट टांगायच्या जुन्या खोलीत तिची प्रयोगशाळा होती. एक तराजू, एक गरम तवा आणि वितळलेला दाणा किती वेगाने वाहतो ते मोजायचं एक जुनं यंत्र. ती आकडे चिठ्ठीवर लिहून द्यायची, आणि मोडणी उरकल्यावर कुणीतरी ती चिठ्ठी खिळ्याला अडकवायचं. ऑक्टोबरात आई गेली आणि आईचा हिस्सा तिच्या नावावर आला. आज पहिल्यांदा टेबलापाशी तिलाही शब्द होता.

तिने पट्टी वाकवली. छान वाकली. तरी ती काही बोलली नाही.

"बोल की, ल्यूस," नॉर्मंड म्हणाला. "मशीन तापवून ठेवलीय."

ल्यूसिलने एप्रनच्या खिशातून मूठ काढून टेबलावर उघडली. सकाळी पोत्याच्या पार तळातून काढलेले दाणे होते. तिने बोटाने दोन ढीग केले. एका ढिगातले दाणे दुधासारखे पांढरे. दुसऱ्यातले किंचित पारदर्शक, शिजत आलेल्या साबुदाण्यासारखे. दुसरा ढीग लहान होता, पण लपवण्याइतका लहान नव्हता.

"पापा, यात दोन जातीचे दाणे आहेत."

झील हसला. टक लावून बघत बसलं तर एका आईची पोरंही दोन जातीची दिसतात, असं काहीसं तो म्हणाला. ल्यूसिलने त्याच्याशी वाद घातला नाही. तिने सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. आत पाच माणसं मावत नव्हती, म्हणून झील दारात राहिला. तिने तव्यावर दोन्ही ढिगांतले दहा-दहा दाणे मांडले, थर्मामीटर लावला आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने पांढरे दाणे बसले, पसरले, एकमेकांत मिसळून त्यांचं थारोळं झालं. पारदर्शक दाणे त्यांच्या शेजारी जसेच्या तसे उभे होते. तवा आणखी तापल्यावर कुठे ते खचायला लागले.

मग झीलनेच दारातून सांगितलं, की हो, असेल थोडा दुसरा दाणा, पण तो काय कचरा आहे? तो पांढऱ्यापेक्षा कडक, पांढऱ्यापेक्षा महाग. खरं तर त्याने ज्यादा पैसे मागायला हवे होते. नॉर्मंडलाही ते पटलं. दोन्ही चांगले असतील तर मिळूनही चांगलेच, असं तो म्हणाला, आणि म्हणताना बापाकडे बघत होता.

ओव्हिलांनी विचारलं, "तुझ्या चिठ्ठीत काय आकडा आला?"

"बरोबर आला."

"मग?"

"तो दोघांचा मिळून बरोबर आलाय, पापा. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच तांदळाचा असला तर. हे दोन दाणे एकमेकांशी नीट सांधत नाहीत. आणि तो पारदर्शक आहे ना, तो थंडीत कडकडतो. कंगवा माणूस घरात बसून फिरवतो. ही गाडी बर्फात जाणार आहे. मला ती थंडीत मोडून बघायचीय. एक रात्र द्या."

मोडणीत आजवर कुणी मुदत मागितली नव्हती. नॉर्मंडने तसं सांगितलंही. तेव्हा ऑरोरने सिगारेट विझवली आणि विचारलं, की मुदत मागायची नाही असं कुठे लिहून ठेवलंय? ओव्हिलांना कबूल करावं लागलं की लिहिलेलं काहीच नाही. सगळं तोंडीच चालत आलं होतं.

"उद्या आठची प्रार्थना झाली की," ते म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले.

नॉर्मंडने बहिणीला पोत्यांच्या रांगेत गाठलं. तो ओरडला नाही, आणि त्याचंच तिला जड गेलं. त्याने एकेका मशीनवरच्या बायकांची नावं घेतली. कुणाचा नवरा खाणीतल्या अपघातानंतर घरी, कुणाची मुलगी नर्सिंगला, कुणाच्या घरात ऊब देणाऱ्या तेलाच्या टाकीत तळाला चार बोटं तेल. अडतीस माणसं. नाताळ तोंडावर.

"तुला हिस्सा मिळून सहा आठवडे झालेत, ल्यूस. पहिल्याच शब्दाला तू दार लावणार?"

"मी अजून शब्द दिलेलाच नाही."

"हे बघ, तुझं शिक्षण मला मान्य आहे. पण झील माझ्या बायकोचा भाऊ आहे. त्याचा माल परत गेला तर मला घरात रोज तेच जेवायला वाढतील."

"मग माझ्याकडे जेवायला ये," ती म्हणाली. त्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं.

चाचणीसाठी काल याच दाण्याच्या तीस गाड्या काढल्या होत्या. त्यातल्या सहा तिने उचलल्या, मालाच्या धक्क्यावर नेऊन बर्फात ओळीने ठेवल्या आणि वर दगड ठेवले. बाकीच्या चोवीस मशीनपाशी रचलेल्या होत्या. त्यांच्याकडे तिने लक्ष दिलं नाही.

आर्सेनोंचं घर तीन मजली लाकडी होतं. खाली ओव्हिला आणि ऑरोर, मध्ये नॉर्मंडचा संसार, वर ल्यूसिल. जिन्यात शिंकलं तरी तिन्ही मजल्यांवरून 'देव बरं करो' यायचं. शनिवारी संध्याकाळी सगळे खालीच जेवायचे, मडक्यात दिवसभर शिजलेले बीन्स आणि काळा पाव. आज नॉर्मंडकडचं कुणी उतरलं नाही. ल्यूसिलने तिघांची पानं मांडली. ऑरोर टोमणे मारायच्या मूडमध्ये नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

ओव्हिलांनी अर्धं ताट संपवलं आणि चमचा खाली ठेवला.

"माझं नाक खोटं बोललं, असं तुला म्हणायचंय?"

"नाही, पापा. दोन्ही दाण्यांना जळताना जवळजवळ एकच वास येतो. दोन्ही तरंगतात. तुमचं नाक खरंच बोललं. आपण त्याला तेवढंच विचारलं होतं."

ओव्हिला पुन्हा जेवायला लागले. ल्यूसिलला वाटलं, उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा. पण त्यांना ते चाललं नसतं. ती वर गेली आणि खिडकीबाहेरच्या थर्मामीटरकडे बघत बसली. थंडी पडावी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती प्रार्थना करत होती, आणि अडतीस घरांतल्या टाक्यांमधलं तेल आठवून तिला त्या प्रार्थनेची लाजही वाटत होती.

सकाळी जिन्याच्या दाराची कडी हाताला चिकटत होती, इतकी थंडी होती. आठच्या प्रार्थनेनंतर घरी न्याहारी करून सगळे रविवारच्या कपड्यांत धक्क्यावर जमले, तोवर साडेदहा वाजून गेले होते. ओव्हिला काळ्या ओव्हरकोटात, ऑरोर पिसाच्या हॅटमध्ये. झीलही आला होता, हातात कॉफीचा कागदी पेला घेऊन, जत्रेला आल्यासारखा. सहाही गाड्यांवर पांढरी साय धरली होती.

नॉर्मंडने पहिली गाडी धक्क्याच्या लाकडी फळ्यांवर आडवी टेकवली आणि मधोमध दोन्ही पायांनी उडी मारली. नॉर्मंड काही हलका माणूस नव्हता. गाडी वाकली आणि परत आली. दुसरी वाकली, परत आली. झीलने पेला खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. तिसरीवर नॉर्मंडने तीनदा उड्या मारल्या. तीही परत आली.

आपण चुकलो, हे ल्यूसिलला इतकं स्पष्ट दिसलं की तिचे कान तापले. तव्यावर उभे राहिलेले दाणे खरे होते, पण त्यांवरून ती पुढचं जे बोलली होती ते पुस्तकातलं होतं, आणि पुस्तक कधी धक्क्यावर उभं राहिलं नव्हतं. बापाला सगळ्यांसमोर नाकाची परीक्षा द्यायला लावली. भावाच्या घरात आग लावली. नॉर्मंड धापा टाकत तिच्याजवळ आला आणि प्रेमाने, अगदी मनापासून प्रेमाने म्हणाला, "झालं ना, ल्यूस? पास म्हण आणि चल. घरी पाई थंड होतेय." डुकराचं मटण भरलेली पाई त्याच्या बायकोने मुद्दाम आज केली होती, सगळ्यांसाठी. समेटाची.

तिला ते म्हणता आलं असतं. शब्द तोंडाशी होता. तीन गाड्या टिकल्या होत्या, आणि नापास म्हणायला तिच्याकडे आता भीतीशिवाय काही नव्हतं.

"अजून तीन आहेत," ती म्हणाली.

"ल्यूस."

"सहा ठेवल्यात, सहा मोडून बघायच्या."

नॉर्मंडने चौथी गाडी जरा रागानेच आपटून ठेवली आणि तिच्यावर उडी मारली. ती वाकली नाही. बशी फुटावी तशी फुटली. एक तुकडा धक्क्यावरून उडून बर्फात रुतला, दुसरा नॉर्मंडच्या पोटरीला लागला. रविवारच्या पँटला चार बोटं चीर पडली आणि चिरेच्या कडेला हळूहळू लाल झालं.

ऑरोरने बर्फातला तुकडा उचलला आणि अंगठा त्याच्या धारेवरून फिरवला. तिच्या लोकरी हातमोज्याचा धागा कापला गेला. ती तो तुकडा भावाकडे देऊन परत आपल्या जागी उभी राहिली. पाचवी गाडी टिकली. सहावी दोन उभ्या भागांत फाटली.

झील लगेच बोलायला लागला. सहापैकी चार टिकल्या हे त्याने दोनदा सांगितलं. कुठलं पोर नॉर्मंडएवढं वजनाचं असतं? आणि दगडासारखी गोठलेली गाडी घेऊन कोण खेळतं? नॉर्मंडनेही, पोटरीला रुमाल बांधता बांधता, हा दाणा चांगल्या दाण्यात थोडा थोडा मिसळून वापरता येईल का असं विचारलं. मिसळायला चांगला दाणा कुठे आहे, हे त्याला विचारायची गरज पडली नाही. ते त्याचं त्यालाच कळलं.

ओव्हिलांनी हातातला तुकडा सवयीने नाकाजवळ नेला. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात खाली केला.

"ल्यूसिल. तुझा शब्द राहिलाय."

"नापास," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"मी काल पास म्हटलं होतं," ऑरोर म्हणाली. "मी ते परत घेते."

"मोडणीतला शब्द परत घेता येत नाही, ऑरोर."

"मग तू तुझा ठेव. तुला शोभतो. मी माझा घेतला."

म्हातारा काही बोलणार तेवढ्यात ल्यूसिलचं भावाकडे लक्ष गेलं. नॉर्मंड धक्क्याच्या कडेला बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तिला वाटलं, जखम खोल आहे. ती खाली वाकली.

"त्या चोवीस," तो म्हणाला.

"कुठल्या चोवीस?"

"उरलेल्या. काल संध्याकाळी फादर आले होते. आज दहाच्या प्रार्थनेनंतर मुलांना नाताळची भेट वाटायची होती. मी म्हटलं, न्या. तिघांनी पास म्हटलं होतं, ल्यूस. मला वाटलं, तू उद्या म्हणशीलच."

चर्चच्या घड्याळात सव्वाअकराचा टोला पडला. दहाची प्रार्थना सुटून गेली होती आणि उतार चर्चच्या मागेच होता. तीन रस्ते वर.

टंचाईमुळे रविवारी पेट्रोल पंप बंद असायचे आणि नॉर्मंडच्या मोटारीतला पेट्रोलचा काटा शनिवारपासून तळाला होता, म्हणून सगळे पायीच निघाले. झीलने आपल्या गाडीचं दार उघडलं आणि तो उलट दिशेने गेला. कुणाचा निरोप घेतला नाही. नॉर्मंड लंगडत पळत होता. ऑरोरने हॅट काढून हातात घेतली होती. आणि बहात्तर वर्षांचे ओव्हिला, ज्यांना डॉक्टरने जिना दोन दमांत चढायला सांगितलं होतं, सगळ्यांच्या पुढे होते. पायांत पातळ चामडी तळाचे बूट. दोनदा घसरले. ल्यूसिलने दंड धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला.

उतारावर पोरांचा किलबिलाट होता. पांढऱ्या बर्फावर लाल गाड्या खाली येत होत्या, वर ओढल्या जात होत्या. नॉर्मंड हात उंचावून ओरडला, थांबा, उतरा. पोरांना वाटलं हा नवा खेळ आहे. दोघं त्याच्या दिशेनेच घसरत आली. ल्यूसिल पुढे झाली, पण तिच्यासमोर बापाचा हात आडवा आला.

"तू नापास केलास. पास मी केलाय. मी बोलणार."

ते पहिल्या पोरापाशी गेले आणि टोपी काढली. "गाडी परत दे, बाळा. मी चूक केली. ही मोडते." पोराने गाडी दिली, बहुधा घाबरून. दुसऱ्यापाशी गेले. पुन्हा टोपी, पुन्हा तेच चार शब्द. उतारावर आडवं चालत ते प्रत्येक लाल ठिपक्यापाशी जात होते. काही पोरांनी आया-बापांना हाक मारली. माणसं जमायला लागली. सगळी ओळखीची होती, निम्मी कारखान्यातली. ओव्हिला आर्सेनो पोरांची माफी मागताहेत हे बघून त्यांना कुठे बघावं कळेना. नॉर्मंड गाड्या गोळा करून कुंपणापाशी रचत होता. ऑरोर हटून बसलेल्यांना समजावत होती, तिच्या पद्धतीने, म्हणजे दटावून.

कुंपणाच्या खालच्या टोकाला एक गाडी दोन तुकड्यांत पडली होती. शेजारी एक मुलगा बसला होता आणि त्याची आई त्याच्या हनुवटीवर बर्फ दाबत होती. ती ब्लांश होती, तीन नंबरच्या मशीनवरची. जखम मोठी नव्हती. टाका पडला असता एखादा. दोन इंच वर लागलं असतं तर डोळा होता.

ओव्हिला तिच्यासमोर उभे राहिले. धाप लागल्यामुळे त्यांना लगेच बोलता येईना.

"ही मीच काढलेली, मस्यू ओव्हिला," ब्लांशच आधी बोलली. तिच्या आवाजात भीती होती, पोरासाठी नव्हे, नोकरीसाठी. "परवा, माझ्या मशीनमधून. मी नीट बघितली होती. चांगली आलेली."

"तू चांगलीच काढलीस. दाणा वाईट होता. तो मी पास केला."

ब्लांशने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या ल्यूसिलकडे. तिने मान वळवून पोराच्या हनुवटीवरचा बर्फ बदलला.

"मग उद्या काम?" तिने विचारलं.

ल्यूसिल म्हणाली, "नाही. चांगला दाणा मिळेपर्यंत नाही. मला सगळ्यांना उद्या सकाळी सांगायचंय, पण तू विचारलंस म्हणून आत्ता सांगते."

ब्लांशने मान हलवली. ती रागावली की नाही हे ल्यूसिलला कळलं नाही. बहुधा ती रागावली होती, आणि तिचा तो हक्क होता. तिने पोराला उठवलं, गाडीचे दोन्ही तुकडे उचलले आणि नॉर्मंडच्या ढिगावर नेऊन ठेवले. जाताना म्हणाली, "तेवीस झाल्या असतील. एक वर आहे. बुलेंच्या धाकटीकडे."

बुलेंची धाकटी उताराच्या माथ्यावर उभी होती. सहा-सात वर्षांची, नाकातून शेंबूड, टोपी डोळ्यांवर आलेली. गाडी पोटाशी धरलेली. खाली काय चाललंय ते तिने सगळं बघितलं होतं आणि तिचं ठरलं होतं.

"माझी चांगली आहे," ओव्हिला वर पोहोचायच्या आत तिने सांगून टाकलं. "सात वेळा गेले मी."

ओव्हिला थांबले. त्यांनी दम घेतला, मग हात पुढे करून फक्त बघायला मागितली. तिने विचार करून दिली. त्यांनी गाडी बर्फावर आडवी टेकवली, दोन्ही पायांनी तिच्यावर उभे राहिले आणि गुडघे वाकवून जोर दिला. काही झालं नाही. त्यांनी नॉर्मंडला बोलावलं. नॉर्मंड लंगडत आला आणि धक्क्यावर मारली होती तशी उडी मारली. गाडी वाकली आणि परत आली. त्याने पुन्हा मारली. आता सगळा उतार त्यांच्याकडे बघत होता, पोरं, आया-बाप, रस्त्यावर थांबलेले लोक. तिसऱ्यांदाही गाडी परत आली.

खालून कुणीतरी हसलं. आर्सेनोंनी सगळ्या पोरांच्या गाड्या उगाच काढून घेतल्या, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालंही. नॉर्मंडने बहिणीकडे बघितलं. ल्यूसिलला खाली जाऊन त्या माणसाला सगळं सांगावंसं वाटलं, साबुदाण्यासारखे दाणे, तवा, सहापैकी दोन. पण बोलायची पाळी तिची नव्हती. बापाने काय निवडायचं ते बापानेच निवडायचं होतं. अजून वेळ गेलेली नव्हती. कालचा 'पास' त्यांनी अजून परत घेतलेला नव्हता.

"बघितलंत?" मुलगी म्हणाली. "चालते."

ओव्हिलांनी पुन्हा टोपी काढली आणि तिच्यासमोर एक गुडघा टेकून बसले. रविवारच्या पँटचा गुडघा ओला झाला.

"चालते, बाळा," ते म्हणाले. "तरी दे."

मुलीने गाडी पोटाशी आवळली आणि मान हलवली. ओव्हिलांनी हात पुढे केला, आणि ती देईपर्यंत ते तसेच बसून राहिले.